गोजरआक्कांच्या नावच्या प्रदक्षिणा

औदुंबराभोवती छबूबाईंचे पाय चालत होते, पण जप जमत नव्हता. नाव ओठांत यायचं आणि मन जाऊन शेजारच्या गोजरआक्कांच्या मोरीपाशी उभं राहायचं.

मनगटावर, पदराखाली, आक्कांचा पट्टा होता.

सरकार आणि एक कंपनी, दोघांनी मिळून श्रीरामपूरजवळच्या देवळालीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना हे पट्टे दिले होते. घड्याळासारखा काळा पट्टा. माणूस चाललं की त्यातलं वर्तुळ हिरवं भरत जातं आणि ते परगावच्या मुलांच्या मोबाईलवरही दिसतं. पडलं-झडलं तर लाल बटण दाबायचं; केंद्रावरची मुलगी बोलते, गाडी पाठवते. द्यायला आलेल्या कंपनीच्या मुलीने, तिला सगळे एंजल म्हणत, बजावलं होतं, "आजी, आंघोळीलासुद्धा काढायचा नाही. आणि दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही."

पण आक्कांचा गुडघा दुखायला लागला आणि वर्तुळ अर्ध्यावर राहायला लागलं. लगेच पुण्याहून मुलाचा, सुनीलचा फोन. "आई, तुझं चालणं संपत आलंय. आता तिथं एकटं राहायचं नाही."

आक्का एकदा त्याच्याकडे राहून आल्या होत्या. "दार उघडलं की म्होरं दुसऱ्याचं बंद दार. भांडायचं तरी कुनाशी, छबे?" त्यांचं घर, ओटा, येणाऱ्या-जाणाऱ्याला मारलेली हाक, एवढंच त्यांना हवं होतं. मग एके दिवशी त्यांनीच सुचवलं. "तू रोज देवाला फिरतीच. माझा पट्टा घालून फिर की."

छबूबाईंना त्यात वावगं वाटलं नव्हतं. आजारी माणसाच्या नावाने संकल्प सोडून प्रदक्षिणा घालतातच. पुण्य पोहोचतं, तर हिरवं वर्तुळ का नाही पोहोचणार? त्या रोज आक्कांच्या नावाचं पाणी सोडत आणि मग चालू लागत. सकाळी उठल्यापासून देवळातून घरी येईपर्यंत त्यांचं मौन असे.

आज पट्टा देताना आक्का दाराला धरून उभ्या होत्या. "जरा गरगरतंय. जा तू, जा." छबूबाईंनी हातानेच नको म्हटलं. आक्कांनी पट्टा त्यांच्या मनगटावर आवळला. "मुकी हायेस तेच बरं. न्हाईतर वाद घातला असतास."

पाठ फिरवताना मोरीकडे सरकणारी त्यांची पावलं ऐकू आली होती. तीच आता कानात होती. मनगटावर वर्तुळ हिरवंगार भरत होतं. चांगलं चाललंय, असं ते सुनीलला सांगत असणार. कुणाचं चांगलं चाललंय?

छबूबाई थांबल्या. प्रदक्षिणा अर्ध्यात सोडल्या, झाडाला हात जोडले आणि चपला न घालताच निघाल्या.

आक्का मोरीच्या कडेला पडल्या होत्या. पाय विचित्र वळला होता.

"आलीस? पुऱ्या झाल्या का प्रदक्षिणा?"

छबूबाईंचं बोट बटणाकडे गेलं. आक्कांनी त्यांचा हात धरला. "थांब. आधी पट्टा माझ्या हातात घाल, मग दाब. कुनाला कळतंय? सुनीलला कळलं तर मला उचलूनच न्हील."

छबूबाईंनी पट्टा आक्कांना बांधला. बटण दाबलं.

"गोजरबाई, बोला. काय झालं?" केंद्रावरची मुलगी.

"पडले गं."

"घाबरू नका. इथं दिसतंय, आत्ताच छान चालत होतात. म्हणजे पायाला फार लागलेलं नसेल. हळूच उठून बसता येतंय का बघा."

आक्कांनी छबूबाईंकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटले, हात फरशीला टेकवला आणि खरंच उठायला लागल्या. चेहरा पांढराफटक पडला.

"उठू नका!" छबूबाईंचं मौन सुटलं. "बाळ, त्यांना उठवू नकोस. चालत होते ती मी. शेजारीण, छबू. पट्टा माझ्या हातात होता. यांचा पाय मोडलाय गं, गाडी पाठव."

पट्ट्यातून आवाज आला, "हलवू नका त्यांना. गाडी निघतेय."

आक्कांनी डोळे मिटले. "घालवलंस घर माझं," एवढंच म्हणाल्या.

श्रीरामपूरच्या दवाखान्यात संध्याकाळी सुनील आला. केंद्राने त्याला सगळं सांगितलं होतं.

"मावशी, देवाचं करणाऱ्या तुम्ही. आणि मला फसवलंत?"

छबूबाई खाली मान घालून म्हणाल्या, "चुकलं माझं."

"तिला काय बोलतोस?" आक्का खाटेवरून म्हणाल्या. "हिरवं दिसायला लागल्यापासनं तू किती फोन केलेस रं?"

"सगळं ठीक दिसत होतं, म्हणून..."

"ठीकच हुतं. छबीचं."

सुनीलने आईच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. पण पायाचं ऑपरेशन झाल्यावर त्याने आईला पुण्याला नेलंच. जाताना आक्का छबूबाईंशी बोलल्या नाहीत. किल्ली तेवढी त्यांच्या हातात ठेवली.

छबूबाई आक्कांच्या घरातही रोज दिवा लावत. प्रदक्षिणा घालत, संकल्पात आक्कांचं नाव घेत, पण मनगट मोकळं. एंजलने आक्कांचं वर्तुळ सुनीलला विचारून छबूबाईंच्या मोबाईलवर लावून दिलं होतं. देवळातून आल्यावर त्या पाहत. राखाडी. दुसऱ्या दिवशीही राखाडी. मन कशातच लागत नसे.

एका सकाळी कडेला हिरवी रेघ दिसली. दोऱ्याएवढी. छबूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि फोन लावला.

"आक्का, चाललात?"



"जिन्यापातुर गेल्ते," आक्का म्हणाल्या. "वॉकर घेऊन."

"जिन्याकडे कशाला हो?"

"वाट बघून ठेवतीय, छबे. किल्ली हाय ना तुझ्यापाशी?"