पाळीचं खिंडार

दुधराम लंजेच्या पणजोबांनी गावकऱ्यांना हाताशी धरून तलावाची ती पाळ, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, घातली होती. सौंदडजवळच्या त्या गावाचं सगळं धान त्याच तलावावर पिकायचं. पाळ कुठे खचली, की घरटी एक माणूस फावडं घेऊन निघायचा, आणि हाक द्यायचा मान लंजेंच्या घराचा.

२००९ साली दुरुस्तीची योजना आली. निम्मा पैसा केंद्राचा, निम्मा राज्याचा. गावाच्या तोंडी दिल्लीचा अन् मुंबईचा. दिल्लीचा पहिला हप्ता आधी आला. पाणी सोडायचं नवं लोखंडी दार बसवायला पाळ मधोमध फोडली, आणि पैसा संपला. मुंबईची तिजोरी पगार वाटता वाटताच कोरडी पडली होती. तिचा वाटा येईना, आणि तो खर्चल्याशिवाय दिल्ली पुढचा हप्ता सोडेना. थोरामोठ्यांचे हे रुसवेफुगवे, आणि खिंडार गावाच्या नशिबी!

मे संपत आला तशी माणसं दुधरामच्या दारात जमली.

"भाऊ, बुजवून टाकू आमी," केशोराव म्हणाला. "पाऊस कायले थांबंल?"

दुधरामने अभियंत्याला फोन लावला.

"हात मत लगाना," साहेब म्हणाले. "गावाने भरलं तर काम पूर्ण दिसेल. उरलेल्या पैशावर पाणी सोडा मग."

दुधरामने सगळ्यांना परत धाडलं. ते लोखंडी दार त्याच्या डोळ्यांपुढे नाचत होतं. त्याला भोळा म्हणा की हावरट म्हणा, गावाचा घात त्याच्याच हातून झाला.

पावसाळाभर पाणी नाल्याला गेलं. धान निसवलं तेव्हा तलावात गुरं चरत होती. लोंब्या पोचट निघाल्या.

मार्चमध्ये मुंबईचा वाटा आला. साहेब तलाव पाहून गाडीत बसता बसता म्हणाले, "यंदा या पाण्यावर धानाची एक बांधीही भिजली नाही. अशा तलावाला नियमात पैसा बसत नाही. दुसऱ्या गावाला दिला."

"मंग आता बुजवू का जी आमी?" दुधरामने विचारलं.

"बुजवा. आता कोणाची हरकत नाही."

दुधराम लगेच घरोघर हाक द्यायला निघाला. केशोराव उंबऱ्यावरून उठलाही नाही.

"आमी आलो होतो भाऊ. तुमीच वापस धाडलं. आता पोरगा नागपूरले कामाले गेला. कोनाले पाठवू?"

पुढच्या दारीही तेच ऐकलं. त्याच्या पुढच्याही. गावाच्या टोकाला पोचेपर्यंत दुधरामने हाक देणंच सोडलं होतं.