फाट्यावरचा बाण

"दोघं अजून आले नाहीत," ती बाई पुन्हा म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज फाटला. "एक चक्कर मारून येतो म्हणाले होते बाबा. जेवायच्या आधी गेलेत हो. आता ऊन उतरायला लागलं."

ताईंनी तिला गेटजवळच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "काळजी करू नका. आत्ता शोधायला लागतो आम्ही." हे त्या ज्या आवाजात बोलल्या, तो त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अख्ख्या नोकरीत घोटलेला होता. पलीकडे कुणाचं घर जळत असो नाहीतर कुणाची सून अडलेली असो, आपण शांतपणे "थांबा, जोडून देते" म्हणायचं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी आवाज चोख राहिला होता.

वनउद्यान सरकारचं होतं आणि त्याची उस्तवार करायचं गावातलं उद्यानमित्र मंडळ. वाटा झाडायच्या, बाकं दुरुस्त करायची, पाट्या रंगवायच्या आणि सरकारला सतत पत्रं लिहायची. ताई अध्यक्ष होत्या. अध्यक्ष म्हणजे ज्याच्याकडे शेडची किल्ली असते आणि ज्याच्यावर कुणीही रागावलं तरी चालतं, असा माणूस. चहाच्या सभेला मंडळ भरगच्च असायचं, आणि गवत कापायच्या दिवशी सगळ्यांची कंबर एकदम धरायची.

उपाध्यक्ष होते औषधवाले. त्यांचं चौकात औषधांचं दुकान होतं, आणि कुठल्याही संकटावर दिवसातून तीनदा काहीतरी घेतलं की उतार पडेल, अशा थाटात ते बोलत.

"आधी तळं बघू," ते म्हणाले. "फाट्यावर पाटी आहे, पाटीवर बाण आहे. माणूस दुसरीकडे जाईलच कशाला? चला रे सगळे."

हाताशी होते तेवढे सभासद त्यांच्यामागे निघाले. ती बाई उठून उभी राहिली. "बाबा फार सांभाळून चालतात हो," ती ताईंना म्हणाली. "पोस्टात होते ना. पाटी वाचल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. आणि माझी लेक, चिमी, त्यांचा हात सोडत नाही."

ताईंनी फाट्याच्या वाटेकडे पाहिलं.

पाटी वाचल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. फाट्यावर उजवीकडची वाट तळ्याला वळसा घालून परत गेटशी येते. डावीकडची जाते जुन्या दगडखाणीकडे. खाण कधीच बंद पडली आहे, पाण्यानं भरली आहे. भोवतीचं तारेचं कुंपण लोळलं आहे, आणि ते उभं करा म्हणून मंडळानं लिहिलेल्या पत्रांचं काय झालं ते सरकारलाच ठाऊक.

दरवर्षी मंडळ सगळ्या पाट्या उतरवून शेडमध्ये आणतं, घासतं, आणि ताईंचे यजमान त्या रंगवतात. यजमानांचा धंदाच तो. अर्ध्या गावाच्या दुकानांवर त्यांचं अक्षर आहे. सगळे त्यांना पेंटर म्हणतात. हात अजून असा, की पट्टी न लावता ओढलेली रेघ पट्टीला लाजवेल. हात शाबूत होता. हाताच्या वर काहीतरी निसटायला लागलं होतं.

हे फक्त ताईंना माहीत होतं. परवा सकाळी पेंटरांनी चहाचा कप पुढे करून विचारलं होतं, "आज तुझी ड्यूटी कधीची?" आणि ताई म्हणाल्या होत्या, "आज सुट्टी आहे." दुकानातून परतताना ते एकदा शेजाऱ्यांच्या दाराला आपली किल्ली लावत बसले. ताईंनी हसून निभावून नेलं. लेकीला फोनवर काही सांगितलं नाही, मंडळाला तर नाहीच. शेडमध्ये ब्रश हातात आला की माणूस पहिल्यासारखा व्हायचा, शीळ घालायचा. ते काम काढून घेतलं तर मागे काय उरेल, याची त्यांना धास्ती होती. म्हणून पाटी रंगवून झाली की त्या स्वतः समोर उभ्या राहून वाट, नाव, बाण, सगळं ताडून बघायच्या आणि मगच बाहेर जाऊ द्यायच्या.

फाट्यावरची पाटी झाली त्या दिवशी मात्र त्यांना वनखात्याच्या साहेबांनी सभेला बोलावलं होतं.

गार्ड गेटची साखळी लावून येत होता. नुकताच बदलून आलेला, उद्यान त्याला अजून पाठ झालं नव्हतं. ताईंनी त्याला बाजूला घेतलं. "फाट्यावरची पाटी कधी लावलीस?"

"काल संध्याकाळी. शेडच्या दाराशी ठेवली होती ती."

"बाण कुठे आहे?"

"पाटीवर आहे की."

"अरे, कुठल्या बाजूला?"

गार्डनं डोकं खाजवलं. "आता ते... छान काढलाय, एवढं आठवतंय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. औषधवाल्यांना हाक मारायची, सगळ्यांना खाणीकडे वळवायचं. शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथंच अडले. कदाचित बाण बरोबर असेल. उगाच बोभाटा कशाला? ताईंना स्वतःची इतकी भीती कधी वाटली नव्हती. "चल माझ्याबरोबर," त्या एवढंच म्हणाल्या, आणि निघाल्या ते जवळजवळ पळतच.

रोजची वाट, पण आज संपेना. ज्यांना वाट माहीत असते ते पाट्या बघत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात येत होतं. औषधवाले आणि मंडळी नुकतीच इथून गेली असणार. गप्पा मारत, पाटीकडे ढुंकूनही न बघता, सवयीनं उजवीकडे वळली असणार.

फाटा आला. खांबावर हिरवी पाटी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत 'तळ्याकडे', आणि त्याखाली एक डौलदार, टोकदार, बिनचूक रंगवलेला बाण. डावीकडे.

"अगं आई गं," ताई म्हणाल्या. एक्स्चेंजचा आवाज कुठच्या कुठे पळाला होता.

"काय झालं?"

"तळं उजवीकडे आहे. डावीकडे खाण."

गार्डच्या तोंडचं पाणी पळालं. "कुणी... कुणी काढला हा?"

"पेंटरनी. आणि तपासायचं काम माझं होतं. तू आता बोलत बसू नकोस, पळ. शिट्टी मार. पळ रे बाबा!"

गार्ड धावला. ताईही चार पावलं धावल्या, मग थबकल्या, परत फिरल्या. अजून कुणी आलं तर? त्यांनी अंगातला स्वेटर काढला, पाटीवरून घेतला आणि बाह्यांची गच्च गाठ मारली. मग त्या खाणीच्या वाटेला लागल्या.

चालताना त्या देवाला काहीबाही कबूल करत होत्या. त्यातलं निम्मं त्यांना पुरं करता आलंच नसतं. सगळ्यांना सांगते. लेकीला सांगते. ब्रश मी स्वतः काढून घेते त्यांच्या हातातून. फक्त ती पोर पाण्यात नको.

गार्ड खाणीच्या काठाशी उभा होता आणि त्याची शिट्टी बंद पडली होती. त्यानं नुसतं बोट दाखवलं. खाली काळंशार पाणी होतं, आणि कडेपासून हातभर आत एक इवलासा लाल बूट तरंगत होता.

ताई खालीच बसल्या. हाक मारायला तोंड उघडलं तर आवाजच नाही. उभा जन्म ज्या गळ्याची भाकरी खाल्ली तो गळा बंद. त्यांनी एका हातानं माती घट्ट धरली, छाती भरून श्वास घेतला आणि दुसऱ्यांदा तोंड उघडलं.

"चिमीऽऽ!"

खाणीनं ती हाक फिरवून फिरवून परत दिली. मग उजव्या अंगाच्या मोठ्या दगडाआडून कुणीतरी खोकलं.

"इकडे," एक म्हातारा आवाज म्हणाला. "आम्ही इकडे आहोत. पोर झोपलीय, जरा हळू बोला."

आजोबा दगडाला टेकून बसले होते. घोटा सुजून टम्म झाला होता. मफलरचं एक टोक त्यांनी आपल्या मनगटाला बांधलं होतं आणि दुसरं चिमीच्या कमरेला. ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून शांत झोपली होती, एका पायात लाल बूट, दुसरा पाय उघडा. गार्डनं तिला उचललं आणि तो पाठ फिरवून उभा राहिला. एवढा थोराड गडी मुसमुसत होता.

"बूट पडला म्हणून वाकली," आजोबा म्हणाले. "हिला मागे ओढली आणि माझा पाय मुरगळला. उठताच येईना. ओरडून ओरडून घसा बसला. म्हटलं, पुन्हा पाण्याकडे जायला नको, म्हणून बांधून घेतली." मग त्यांनी ताईंकडे पाहिलं. "पण हे तळं फार वाईट आहे हो तुमचं. कठडा नाही, काही नाही."

"हे तळं नाही, आजोबा. ही खाण आहे. आमची पाटी चुकली."

"छे!" आजोबा म्हणाले. "पाटी चुकेल कशी? काय सुरेख अक्षर होतं. असं अक्षर बघितलं की माणूस डोळे मिटून जातो."

ताईंनी आजोबांचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

शिट्ट्या ऐकून औषधवाले आणि मंडळी धावत आली, आणि आजोबांना अर्धवट उचलून सगळे गेटशी पोचले. चिमीच्या आईनं लेकीला आधी एक धपाटा घातला आणि मग असं उराशी धरलं की पोर गुदमरली. जो तो एकाच वेळी बोलत होता. ताईंनी हात वर केला.

"फाट्यावरचा बाण उलटा रंगवला गेला होता," त्या म्हणाल्या. "आमच्या यांच्या हातून. यांना गेल्या काही महिन्यांपासून आठवत नाही नीट. मला माहीत होतं, मी कुणाला बोलले नाही. तपासायचं होतं तेही राहिलं माझ्याकडून. आणि मघाशी शंका आली तरी मी तुम्हाला तळ्याकडे जाऊ दिलं."

चिमीच्या आईनं ताईंकडे रोखून पाहिलं. आता ही बोलेल आणि बोलायलाच हवं, असं ताईंना वाटलं. पण तिनं लेकीचा उघडा पाय आपल्या तळव्यात धरला आणि ती चोळत राहिली.

औषधवाल्यांनी घसा साफ केला. त्यांच्याकडे या वेळी कुठलंच औषध नव्हतं. "साहेब उद्या येतीलच," ते हळू म्हणाले. "छापील पत्र्याच्या पाट्या मागवू आपण. पेंटरांना मी सांगू का?"

"मी सांगते," ताई म्हणाल्या.

शेडचं दार उघडं होतं. आत टर्पेंटाइनचा वास होता, स्टूल होतं, स्टुलावर चष्म्याचं रिकामं घर होतं. पेंटर नव्हते. पांढऱ्या रंगाचा डबा नव्हता, हिरव्याचाही नव्हता.

"मघाशी आपण गेटशी पोचलो तेव्हा मला विचारत होते, कसली गडबड म्हणून," मागून औषधवाले म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "मी म्हटलं, फाट्यावर काहीतरी घोटाळा आहे, लहान पोर वाट चुकली. मला काय ठाऊक, ताई..."

ताई त्याच वाटेनं दुसऱ्यांदा पळाल्या. अंधारायला लागलं होतं. मघाशी दुसऱ्याची माणसं होती, आता आपलं होतं, आणि मघाच्या भीतीला निदान देवाशी घासाघीस करायचं त्राण होतं. आता तेही नव्हतं. डावीकडे वळले असतील तर? त्यांना तर हाकही ऐकू गेली नसती, इतकं ते स्वतःत असायचे हल्ली.

पेंटर फाट्यावरच होते. पाटीसमोर उभे, पायाशी दोन डबे. स्वेटरची नीट घडी घालून त्यांनी तो खांद्यावर ठेवला होता. जुना बाण हिरव्या रंगाखाली गेला होता. 'तळ्याकडे' तेवढं राहिलं होतं, आणि त्याखाली कोरी जागा.

"हा तुझा स्वेटर," ते न वळता म्हणाले. "म्हणजे चूक इथलीच."

"हो."

"लहान पोर होती म्हणे."

"सापडली. बरी आहे. आजोबाही बरे आहेत."

पेंटरांनी डोळे मिटले आणि उघडले. ब्रशाला पांढरा रंग लागलेला होता, पण तो पाटीपासून वीतभर अंतरावर थांबला होता. किती वेळ थांबला होता कोण जाणे. ते एकदा उजवीकडे बघत, एकदा डावीकडे. लग्न झाल्यापासून ज्या तळ्यावर दर सुट्टीला जाऊन दोघं बसली, त्या तळ्याची वाट ते शोधत होते.

"अगं," ते अगदी हळू म्हणाले, "मला भीती वाटते. तळं कुठेय?"

असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. चुकले तरी रेटून न्यायचे, हसायचे, चिडायचे. ताई खांबाजवळ गेल्या आणि त्यांनी उजवा हात लांब केला, तळ्याच्या दिशेनं.

"हलवू नकोस," पेंटर म्हणाले.

ते एकदा हाताकडे बघत आणि एकदा पाटीकडे. त्यांनी दांडी ओढली, टोक काढलं, कडा बारीक केल्या. घाई केली नाही. उद्या ही पाटी उतरणार हे सांगायचं ताईंनी पुढे ढकललं. हाताला रग लागली, खांदा भरून आला, पण त्यांनी तो तसाच धरला.

"झाला. आता कर खाली."

पेंटरांनी फडक्यानं ब्रश पुसला, डब्यांची झाकणं लावली. ब्रशाकडे एकवार पाहिलं आणि दांडा पुढे करून तो ताईंच्या हातात दिला.

"हा आता तुझ्याकडे ठेव."

ताईंनी ठेवला. मग पेंटर तिन्ही वाटांच्या मध्ये उभे राहिले, आणि ताईंनी पहिलं पाऊल टाकेपर्यंत त्यांनी टाकलं नाही.