त्रेचाळिसावं पान

वीरभद्रप्पांच्या घरात वहीचं पान फाडायची सोय नव्हती. जून आला की घरातल्या शाळेत जाणाऱ्या चारी पोरांच्या वह्या ते घाऊक दुकानातून आणायचे, झोपाळ्यावर बसून लाल पेनानं पानापानावर आकडा टाकायचे आणि मगच वही पोराच्या हातात द्यायचे. त्यांची स्वतःची शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण शिस्त अशी की हेडमास्तरानं येऊन बघावी. रोज संध्याकाळी खालचे यंत्रमाग थांबले की पोरांनी वह्या घेऊन रांगेत उभं राहायचं. ते एकेक ओळ वाचणार आणि खाली पालक म्हणून सही ठोकणार. "मी वाचल्याबिगर सही करत न्हाय," हे दिवसातून एकदा तरी ऐकावंच लागायचं.

पुतणी शिवलीला त्यांना दोडप्पा म्हणायची. दोडप्पा म्हणजे कानडीत मोठा बाप. धाकटा बाप, संगप्पा, तीन वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन गेला, आणि पोरीच्या वहीवरची सही आपसूक मोठ्याकडे गेली. सहीच काय, सगळंच गेलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला लागून घर, खाली चार माग, वर खोल्या. चारातले दोन माग संगप्पाचे, रस्त्याकडची खोलीही त्याचीच. आता चारी मागांवरचे टॉवेल वीरभद्रप्पांच्या नावानं निघायचे आणि संगप्पाची बायको हेमावती त्याच टॉवेलांच्या कडा शिवत बसायची. आता त्यांनी तिला उपाशी ठेवलं म्हणावं, तर तसंही नाही. पोरीची फी भरली, दिवाळीला साडी आणली. तिथंच तर सगळी गोम होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं, ह्या माणसाशी कुठल्या तोंडानं भांडायचं?

आणि आता सोमवार तोंडावर आला होता. वीरभद्रप्पांच्या थोरल्या पोराचं, शरणबसवचं, लग्न ठरलं होतं, त्याला रस्त्याकडची खोली लागणार होती. "सोमवारी कचेरीत जायचंय. माग आन् खोलीच्या हक्कसोडीचा कागद हाय, सही कर म्हंजे झालं," असं त्यांनी हेमावतीला सांगून टाकलं होतं. तिनं कर्नाटकातल्या आळंदला माहेरी भावाला फोन केला, तर तो म्हणाला, ये की, चार दिवस राहून जा. चार दिवस! हेमावतीनं फोन ठेवला आणि ती शिलाई मशीनवर डोकं टेकून रडली.

तो फोन शिवलीलानं ऐकला होता, हे हेमावतीला शनिवारी संध्याकाळी कळलं.

शाळेत बाईंनी वाक्यात वापरायला शब्द दिला होता 'बळकावणे'. पाच वाक्यं लिहायची, गाइडातली चालणार नाहीत, मनानं लिहायची आणि खरी लिहायची. पोरीनं चार लिहिली होती, मांजरानं खुर्ची बळकावली, टपरीवाल्यानं फुटपाथ बळकावला, अशी. पाचवं वाचलं आणि हेमावतीच्या हातातली कात्री खाली पडली. 'दोडप्पांनी माझ्या बाबांचे दोन माग बळकावले.'

"हे कुणी सांगितलं तुला?"

"तूच म्हणत होतीस की. मामाला."

"खोड ते."

"पेनानं लिहिलंय. खाडाखोड केली की बाई आख्खं पान परत लिहायला लावतात."

पान फाडावं, तर कोपऱ्यात लाल त्रेचाळीस. वहीवर चहा सांडावा, तर दोडप्पा ओली वही वाळवून वाचतील, एवढी ती त्यांना ओळखून होती. खाली माग थांबले. खडखडाट बंद झाला की हेमावतीला बरं वाटायचं, आज तो चालूच राहावा असं वाटलं. खोली गेली तर जायचं कुठं? पोरीला घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं? तिनं पेन उचललं आणि वाक्याच्या शेवटी, पूर्णविरामाच्या पुढं, घाईघाईनं एक शब्द लिहिला. नाहीत.

शिवलीलानं वही बघितली. मग आईकडं बघितलं. ते बघणं हेमावतीला लागलं.

झोपाळ्यापाशी रांग लागली. तिघांच्या वह्या झाल्या. हेमावती दारात भाजी निवडायचं निमित्त करून बसली होती. वीरभद्रप्पांनी शिवलीलाची वही घेतली, चष्मा वर केला, एकेक वाक्य वाचत खाली आले, आणि पाचव्यावर थांबले. झोपाळाही थांबला.

"हेमावती, हिकडं ये."

ती गेली.

"निस्तं पोरीनं लिहिलं असतं तर मी म्हणलो असतो, पोर हाय, कुटंतरी ऐकलं आसंल. पण ह्यो शेवटचा शब्द तुजा हाय. गोल गोल, कानडी वळणाचा. मी बळकावले न्हाईत, हे तुला लिहून दाखवायची पाळी का आली?"

आपल्याच हातानं आपण पुरावा दिला, हे हेमावतीच्या आता ध्यानात आलं.

वीरभद्रप्पांनी लाल पेन पुढं केलं. आवाज चढवला नाही. त्यांना कधी चढवावाच लागायचा नाही. "पोरीचं वाक्य की तुजा शब्द, दोनातलं खरं आसंल ते ठिव, खोटं आसंल ते खोड. पोरं बघायलीत."

पोरं बघत होतीच. शिवलीला सगळ्यात जास्त. हेमावतीला ठाऊक होतं, पोरीचं वाक्य खोडलं तर खोली मिळणार नाहीच, पण माणूस खूश राहील, एखादा कोपरा देईल, साडी येत राहील. वाकून, दोन वेळचं खाऊन, कडा शिवत म्हातारं होता येईल. आणि पोर जन्मभर आपल्याकडं असंच बघत राहील.

तिनं 'नाहीत' खोडलं.

एकच रेघ, पण अशी दाबून मारली की कागदाला भोक पडलं. वीरभद्रप्पांच्या कपाळाची शीर उडाली. त्यांनी पानाचा कोपरा चिमटीत धरला, आता फाडणार, आणि अंगठ्याखाली त्यांनाच त्यांचा त्रेचाळीस दिसला. चार पोरं टक लावून बघत होती. कोपरा सुटला. त्यांनी पानाखाली सही केली, नेहमीपेक्षा बारीक, आणि वही पोरीकडं सरकवली.

"सोमवारी धा वाजता तयार ऱ्हा," ते हेमावतीला म्हणाले. "न्हाईतर आपला आपला रस्ता बघ."

"कागद द्या आधी." हे आपणच बोललो, ह्यावर तिचा विश्वास बसेना. "मी पण वाचल्याबिगर सही करत नाही, भाऊजी."

"तुला मराठी वाचता येतंय व्हय?" म्हणत ते आत गेले आणि कागद आणून तिच्या मांडीवर टाकला. "वाच. वाचून सही कर. सही तर करावीच लागणार हाय."

खोलीत दार लावून ती कागद घेऊन बसली. आळंदच्या कानडी शाळेतली नववी, त्यात कचेरीची मराठी. पहिल्या ओळीतच गाडी अडली. मग शिवलीला शेजारी येऊन टेकली आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"'सदर हक्क मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय सोडत आहे.' आई, हे वाक्य तू लिहिलंयस?"

"नाही."

"मग हे खोटंय. खोडू का?"

"खोडू नको. राहू दे त्यांचं त्यांच्याकडं," हेमावती म्हणाली. "मी खाली सही करणार नाही."

"आणि खोली?"

फळीवरनं हेमावतीनं संगप्पाची जुनी पत्र्याची पेटी काढली, आणि दोघींचे कपडे घडी घालून एकेक आत ठेवायला लागली.