वगळलेलं रडणं

"ज्या बाईचा तुला हेवा वाटेल ना, तिची मुलाखत दोनदा ऐक," असं लीला मॅडमनी हेमांगीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. हेमांगीने ते हसण्यावारी नेलं. कडेवरच्या दिशाला सावरत ती म्हणाली, "मॅडम, मला केस विंचरायला सवड नाही. हेवा करायला कुठून काढू?"

लीला मॅडम हसल्या नाहीत. "हेव्याला सवड लागत नाही," एवढंच म्हणाल्या आणि हेडफोन तिच्या हातात दिले.

काम घरबसल्या होतं, म्हणून तर हेमांगीने घेतलं. समाजशास्त्रात एम. ए. झालेली, लग्नाआधी अशाच एका अभ्यासात राबलेली. आता वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये दिवसभर ती आणि पाच महिन्यांची दिशा. नवरा मितेश सकाळी जो जाई तो दिवेलागणीनंतर उगवे. सासूबाई बाळंतपणाला आल्या होत्या, पण थोरल्या दिराच्या मुलांच्या परीक्षा निघाल्या आणि त्या बोळिंजला परतल्या. जाताना म्हणाल्या, "शिकलेली आहेस, निभावशील." शिक्षणाचा असाही उपयोग होतो.

लीला मॅडमचा अभ्यास नव्या आयांचा होता. वसई-विरारमधल्या बायका बाळंतपणानंतरचे पहिले महिने कसे काढतात, त्यांना कोण सांभाळतं, हे मॅडमची दुसरी मदतनीस रोवेना घरोघर जाऊन विचारायची आणि सगळं बोलणं रेकॉर्ड करायची. हेमांगीने ते ऐकून शब्दन् शब्द टाइप करायचं. हसणं, थांबणं, रडणं कंसात लिहायचं. मग दोघींनी आपापल्या जागी, एकमेकींना न विचारता, प्रत्येक वाक्याला छोटंसं नाव द्यायचं. 'झोप नाही', 'दुखणं लपवलं', 'सासूची मदत', अशी. त्यांना कोड म्हणायचं. सारख्या जातीचे कोड शेजारी ठेवत गेलं की त्यांच्यातून एखादा मोठा अर्थ वर येतो, ती थीम.

"म्हणजे तांदूळ निवडण्यासारखं," मितेश म्हणाला होता.

"हो. फक्त दाणा कुठला आणि खडा कुठला, ते आधी ठाऊक नसतं."

सुरुवातीच्या मुलाखती ऐकताना हेमांगीला बरंच वाटायचं. एकीचा नवरा बाळ रडलं की उशी कानावर घ्यायचा. एकीने पहिल्या महिन्यातच घरच्यांसाठी भाकऱ्या थापल्या होत्या. ऐकता ऐकता हेमांगी मान डोलवायची. आपण एकट्याच नाही, हे समाधान काही कमी नसतं.

आणि मग होळी नावाच्या गावातल्या वाडीवरची बाई आली. बायकांची खरी नावं कागदावर येऊ द्यायची नाहीत, हा नियम; टोपणनावं हेमांगीने ठेवायची. हिचं नाव तिने स्वप्नाली ठेवलं, आणि ठेवताना ओठ जरा वाकडे झाले.

"मला काही करूच देत नाहीत," स्वप्नाली सांगत होती. आवाज मऊ, एकसुरी. "सकाळी मालिशवाली येते. मग कढत पाण्याची आंघोळ, शेक. आई, म्हणजे सासूबाई, डिंकाचे लाडू करतात, अळिवाची खीर करतात. बाळाला आईच न्हाऊ घालतात. नणंद गावातच दिलीय, ती येऊन झोपवते. सासरे वाडीतून येताना मोगरा आणतात माझ्यासाठी. माझं सगळं छान आहे."

हेमांगीने रेकॉर्डिंग थांबवलं. मोगरा. तिने स्वतःच्या केसांना हात लावला. कानामागे दिशाने ओकलेलं दूध वाळून कडक झालं होतं. समोर निवलेला चहा, त्यात बुडून विरघळलेलं बिस्कीट. तेच तिचं जेवण. पोटात कुणीतरी चिमटा काढावा तसं झालं.

पुढे रेकॉर्डिंगमध्ये बाळ रडायला लागलं. अगदी जवळ. स्वप्नाली बोलतच होती. रडतंय तर रडू दे, घ्यायला दहा हात आहेत, हेमांगी मनात म्हणाली. इथे मी न्हाणीघरातून साबणासकट धावते. तेवढ्यात तिला पान्हा फुटला, कुर्ता ओला झाला, तशी ती आणखीच चिडली. लोकांच्या लाडावलेल्या बाळासाठी आपलं दूध. तिने तो भाग पुढे ढकलला, फक्त शब्द टिपले, रडणं गाळलं. मागचा आवाज तो. समासात भराभर कोड टाकले: 'भरपूर मदत', 'विश्रांती', 'कौतुक'. थीमही तयार: 'सांभाळलेली आई'. इतक्या लवकर कुठलाच कागद झाला नव्हता.

संध्याकाळी मितेश बूट काढतोय तोच तिने सुरू केलं. "काही घरांत सुनेसाठी मोगरा आणतात."

"कोणाच्या घरात?"

"सांगायचं नसतं."

"नाव सांगायचं नसतं, टोमणा मारलेला चालतो. चांगला आहे तुमचा नियम." त्याने दिशाला उचललं. "गॅलरीत लावू आपण मोगरा. माती मिळव फक्त."

"तीही मीच मिळवू."

स्वप्नाली काही तिच्या डोक्यातून गेली नाही. दिशाला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने कुकर लावताना ती होळीच्या त्या घरात असायची. ओसरी कशी असेल, विहिरीचं पाणी किती गार असेल, लाडवात काजू घालत असतील की नुसतं खोबरं. न पाहिलेल्या बाईवर तिने इतका राग धरला की शेवटी तिचं तिलाच हसू यायचं. हसून झालं की पुन्हा राग.

कोड पडताळायच्या दिवशी रोवेना केळ्यांची फणी घेऊन आली. पलीकडच्या गावची, मोकळ्या बोलण्याची पोरगी. दोघींनी जमिनीवर कागद पसरले, दिशाला मध्ये चटईवर टाकलं. बाकीच्या मुलाखतींवर दोघींचं बऱ्यापैकी जुळलं. स्वप्नालीचा कागद निघाला तेव्हा मात्र हेमांगीचा समास भरलेला आणि रोवेनाचा जवळजवळ कोरा. वर फक्त एक प्रश्न: रडणं कुठे गेलं?

"कुठलं रडणं?" हेमांगी म्हणाली.

"बाळाचं. अगं, मी तिथे बसले होते. डोकं उठलं माझं. आणि तुझ्या कागदावर एक अक्षर नाही."

"कुठल्या घरात बाळ रडत नाही? मागचा आवाज तो. घेतलं असेल कुणीतरी."

"कोण घेणार? सासू मागे पानवेलीत, नणंद अजून यायची होती. आम्ही दोघीच. पाळणा तिच्या हाताशी होता." रोवेना केळं सोलता सोलता थांबली. "मला वाटलं, असंच असत असेल. मला काय कळतंय बाळांमधलं, माझं लग्न कुठे झालंय. म्हणून तुझ्यावर सोडलं. म्हटलं, हेमांगी आई आहे, तिला कळेल."

हेमांगीने हेडफोनची वायर काढली आणि रेकॉर्डिंग मोठ्याने लावलं.

ते बाळ रडायला लागलं तशी चटईवरची दिशाही रडू लागली. हेमांगीने तिला उचललं, कधी उचललं ते तिलाही कळलं नाही. तिकडे मात्र कुणी उचललं नाही. स्वप्नालीचा आवाज वर गेला नाही, खाली आला नाही, अडखळला नाही; कुणीतरी दिलेला कागद वाचावा तशी ती लाडवांचं सांगत राहिली. बाळ रडून रडून दमलं. उचक्या देऊ लागलं. आपलं आपणच गप्प झालं. मग स्वप्नाली म्हणाली, "माझं सगळं छान आहे."

हेमांगीचा कुर्ता पुन्हा भिजला होता. न पाहिलेल्या बाळाचा टाहो तिच्या अंगाला कळला होता, पहिल्या दिवशीच कळला होता. पोटातल्या चिमट्याने तिचे कान बंद केले होते.

तिने कागद पुन्हा वाचायला घेतला. आई न्हाऊ घालतात. नणंद झोपवते. वरचं दूध नणंदच पाजते. सगळं करणारं दुसरं कुणीतरी. स्वप्नाली स्वतः काय करते, ते पानोपानी शोधून एकाच ठिकाणी सापडलं: "मी बसून असते."

लीला मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोनदा ऐकलंस?"

"आज ऐकलं."

"बरं." बोल लावला नाही, तेच हेमांगीला जास्त लागलं. "नुसता फोन केला तर सासू उचलेल आणि सांगेल, सगळं छान. तसंही आपल्याला समजलेलं बरोबर आहे का, ते विचारायला प्रत्येकीकडे परत जायचंच असतं. उद्या जाऊ. दिशाला घे बरोबर."

घर हेमांगीच्या कल्पनेपेक्षाही सुंदर निघालं. केळीच्या सावलीतली ओसरी, विहीर, दारात मोगऱ्याचा ताटवा. तशा घाबऱ्या मनातही तिला पुन्हा चिमटा बसलाच. सासू स्वभावाने गोड. "ये गो बाय, एवढ्या उन्हात लेकरू घेऊन आलीस," म्हणत तिने हातावर लाडू ठेवला. "विचारा सुनेला, काही कमी आहे का. फुलासारखी ठेवलीय." खोटं नव्हतं ते, एक अक्षरही.

"मला तुमची पानवेल दाखवा की," लीला मॅडम म्हणाल्या आणि तिला मागे घेऊन गेल्या.

आत स्वप्नाली पलंगावर बसली होती. केसांत मोगरा, बाजूला पाळणा. रोवेनाने तिला पुन्हा सगळं समजावलं, तिची परवानगी घेतली, कागद पुढे केले. तिने पाहिले नाहीत. तेवढ्यात दिशा कुरकुरली. हेमांगीने तिला खांद्यावर टाकलं. स्वप्नाली त्या खांद्याकडे बघत राहिली. ओकीचा डाग, चुरगळलेली ओढणी, थोपटणारा हात. त्या नजरेत जे होतं ते हेमांगीने तात्काळ ओळखलं. इतके दिवस ती स्वतः तशीच बघत आली होती, न पाहिलेल्या मोगऱ्याकडे.

"तुम्हाला लगेच उठता येतं?" स्वप्नालीने विचारलं.

"सवय झालीय."

"मला ऐकू येतं, ताई. पण दुसऱ्या कुणाच्या घरात रडतंय असं वाटतं. हातच उचलत नाहीत."

"घरात बोललात कुणाशी?"

"काय बोलू? एवढं करतात सगळे. मीच असं बोलले तर त्यांना काय वाटेल?" तिने दाराकडे पाहिलं. "दुपारी सगळे झोपले की मी दाराला आतून कडी लावून घेते. विहीर समोरच आहे ना, पाय तिकडेच वळतात."

रोवेनाने पेन खाली ठेवलं. हेमांगी उठून स्वप्नालीच्या शेजारी जाऊन बसली, दिशासकट.

"आईंना सांगूया का? मॅडम सांगतील. आम्ही इथेच थांबतो."

स्वप्नालीने होकाराची मान हलवली.

मॅडमनी सांगितल्यावर सासू आत आली तेव्हा तिच्या हातात खुडलेली पानं तशीच होती. "मी तर तिला काही करू दिलं नाही," ती म्हणत राहिली. मग पानं खाली टाकून सुनेचा हात धरला आणि त्याच दुपारी तीच तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. बाळंतिणीच्या मनाचं दुखणं असतं आणि त्यावर औषधही असतं, हे डॉक्टरांनी सांगितलेलं तिने दोनदा विचारून घेतलं.

हेमांगीने कागद नव्याने लिहिला. 'भरपूर मदत' हा कोड तिने खोडला नाही. तो खराच होता. त्याच्या शेजारी लिहिलं, 'सांगायला जागा नाही'. आणि शब्दांच्या मधोमध, जिथे जिथे होतं तिथे तिथे, कंसात रडणं लिहिलं. हेवा मात्र पुरता गेला नाही. लाडवात काजू होते, आणि रिक्षात बसून तो खाताना तिला वाटलंच, हे रोज मिळतं कुणाला तरी.

अभ्यास आता संपलाय. संपला की त्या दाराशी पुन्हा जायचं नसतं. स्वप्नाली पुढे औषध घेते का, दुपारी कडी लावते का, ते हेमांगीला ठाऊक नाही, आणि दिशा झोपली की तिच्या मनात तेवढंच येतं. तुम्हाला घर सांगितलं असतं, पण खूण सांगायची नाही हा नियम. होळी लिहिलंय खरं, पण नियमात गावही बदलायचं असतं. तेव्हा ते घर तुमच्याच आळीतलं धरा. तिथे एक बाळंतीण आहे, तिचं सगळं छान आहे, आणि तुम्हाला तिचा थोडा हेवाही वाटतो. आज तिच्याकडे जाऊन या. ओसरीवरून परतू नका, आत जाऊन बसा. बाळ रडेल तेव्हा बाळाकडे नको, तिच्याकडे बघा.