टूमीची नारिंगी फळी

थेडी टूमीने फळीला नारिंगी रंगाचा दुसरा हात मारला, दोन पावलं मागे सरला आणि स्वतःवरच खूश झाला. आंधळ्यालाही दिसावी अशी झगझगीत.

किलमोरनच्या माळावर रविवारी अडथळ्यांची शर्यत होती. पाच अडथळे, दोन फेऱ्या. बर्च झाडाच्या काटक्या घट्ट बांधून छातीएवढी भिंत करायची, पुढून हिरव्या झुडपांचा उतरता थर द्यायचा आणि अगदी खाली, उडी कुठून घ्यायची ते घोड्याला कळावं म्हणून, जमिनीलगत आडवी फळी ठोकायची. पाचही अडथळे थेडीच बांधायचा. पण नाव पडलं होतं एकट्या चौथ्याला, उताराच्या पायथ्याच्या. 'टूमीचा.' दोन वर्षांपूर्वी तिथे एक घोडा मेला. गेल्या वर्षी मलाकी डगनचा घोडा कॅप्टन मॉय मेला, मान मोडून, जागच्या जागी. तेव्हापासून लोक 'टूमीचा' म्हणताना आवाज खाली आणायचे आणि थेडीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"घोडा चुकला, मलाकी," तो तेव्हा म्हणाला होता. "फार जवळ येऊन उडाला." मलाकी नुसता लगाम गुंडाळून गेला होता.

यंदा थेडीची स्वतःची घोडी पळणार होती, सिस्टर पॉलिन. शाळेत त्याला छडीने झोडणाऱ्या ननचं नाव. घोडीही तशीच, हटली की हटली. आणि तिच्यावर बसणार होती नोरीन, त्याची एकुलती एक पोर.

तेवढ्यात उतारावरून फिंटन आला, चहाचा थर्मास आणि हॅम-पाव घेऊन. फिंटन म्हणजे थेडीच्या बायकोचा भाऊ. याला लाल-हिरव्यातलं काही कळायचं नाही. एकदा हा गडी कॉर्कच्या लालभडक गर्दीत समोरच्या लिमरिक संघाचा हिरवा स्वेटर घालून मॅच बघायला बसला होता. मार खाता खाता वाचला. वीस वर्षं झाली, अजून गुत्त्यात कोणी ना कोणी विचारायचंच, "फिंटन, आज कुठल्या गावचा?"

फिंटन उतारावर थांबला. "थेडी, फळी कधी रंगवणार? गुरुवार आला."

"काय म्हणालास?"

"फळी रे. अजून गवतासारखीच दिसतेय."

"दोन हात मारलेत! तुझ्या नाकासमोर आहे!"

"मला तर गवत वर चढत चढत काटक्यांना भिडलेलं दिसतंय. रागावतोस कशाला?"

"रागावू नको तर काय करू? दोन घोडे मेलेत इथे आणि तुला मस्करी सुचतेय!"

फिंटनचं तोंड एवढंसं झालं. थर्मास गवतावर ठेवून तो आल्या पावली परत गेला.

थेडीने पाव खाल्ला. खाता खाता त्याला एक आठवलं. गेल्या मे महिन्यात जनावरांच्या डॉक्टरणीने शर्यतीच्या भर बैठकीत सांगितलं होतं की घोड्याच्या डोळ्याला लाल-नारिंगी धड कळत नाही, गवतात मिसळून जातं. तेव्हा थेडीच मोठ्याने हसला होता. "तुमच्या कानात येऊन सांगितलं का घोड्याने?" सगळी बैठक हसली होती. डॉक्टरीण बिचारी लाल झाली होती.

शुक्रवारी सकाळी तो फिंटनच्या दारात.

"चल."

"मस्करी करायला?"

"माफी मागायला. पण आधी चल."

गोठ्यातल्या तीन फळ्या त्याने चौथ्या अडथळ्याच्या पायाशी शेजारी शेजारी लावल्या होत्या. एक लाल, एक नारिंगी, एक पांढरी. फिंटनला चाळीस पावलं वर नेऊन उभं केलं.

"काय दिसतं?"

"पांढरी दिसते. लख्ख."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या आहेत का?"

थेडी खाली जाऊन नारिंगी फळीला पाय लावून उभा राहिला. "आता पांढरी विसर. अडथळा कुठून सुरू होतो, बोट दाखव."

फिंटनने बोट दाखवलं. झुडपं संपून काटक्या सुरू होत होत्या, तिथे. फळीच्या हातभर पलीकडे.

थेडीने वाकून फळीपासून काटक्यांपर्यंत हात लावून बघितला. कॅप्टन मॉय त्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा धावत आला. एक पाऊल जास्त. बरोबर हातभर जवळ येऊन उडाला.

"थेडी? काय झालं?"

"घोड्याला जे दिसतं ना, ते आख्ख्या गावात तुला एकट्याला दिसतं," थेडी म्हणाला. "आणि आपण वीस वर्षं तुला हसतोय."

दुपारी रोशबाई आल्या. शर्यतीचा सगळा कारभार त्यांच्याकडे. अंगात विटकरी रंगाचा लांब कोट, पायात चिखलाचे बूट. थेडीच्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा बघून तिथूनच ओरडल्या, "थेडी! खाली ठेव तो डबा! नियमात नारिंगी लिहिलंय. डब्लिनचा माणूस बुधवारीच तपासून सही करून गेलाय."

"त्याला दिसली म्हणून त्याने सही केली, बाई. उडी काय तो मारणार आहे?"

"तू ठरवणार का नियम?"

"मग माझी घोडी काढून घेतो. नारिंगीवर मी माझ्या पोरीला सोडणार नाही."

नोरीन मागे घोडीला खरारा करत होती. खरारा थांबला. "आणि बाकीचे अकरा, बाबा? त्यांना जाऊ द्यायचं?"

 रोशबाई फिंटनकडे वळल्या. "हे तुझं खूळ ना? सांग, माझा कोट कुठल्या रंगाचा?"

फिंटनने टोपी काढली. हा प्रश्न तो आयुष्यभर टाळत आला होता. "गवताच्या," तो म्हणाला. "तुम्ही मघाशी त्या उतारावरून आलात ना बाई, मला आधी तुमचे केस दिसले. नुसतंच पांढरं डोकं चालत येत होतं."

नोरीन फिसकन हसली. रोशबाई हसल्या नाहीत. त्यांनी उताराकडे बघितलं, मग स्वतःच्या बाहीकडे.

"एकच पांढरी आणि चार नारिंगी चालणार नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "पाचही रंगवा. डब्लिनला फोन मी शर्यत झाल्यावर करीन. आणि थेडी, मग काय होईल ते मला माहीत नाही. तुझं काम जाईल, कदाचित माझंही."

शनिवारभर थेडी, फिंटन आणि नोरीन रंगवत होते. गेल्या वर्षी चौथ्या फळीला खुराची खोल खाच पडली होती, थेडीने ती नारिंगी रंगाने भरून टाकली होती. आता त्याने ती खरवडून मोकळी केली आणि तशीच ठेवून वरून पांढरा दिला.

रविवारी आभाळ भरलेलं, वारा पडलेला. थेडी चौथ्यापाशी इशाऱ्याचा झेंडा घेऊन उभा. फिंटन हिरव्या पडद्याची गुंडाळी धरून. घोडा पडून राहिला की हाच पडदा लोकांच्या आणि त्याच्या मध्ये धरायचा. गेल्या वर्षी एक टोक फिंटनच्या हातात होतं.

बारा घोडे उतारावरून आले. थेडीने लोकांकडे बघितलं नाही, नोरीनकडेही नाही. त्याने घोड्यांचे कान बघितले; अडथळा दिसला की घोडा कान टवकारतो. दर वर्षी घोड्यांचे कान शेवटच्या दोन ढांगांत उभे राहायचे. आज उतार अर्धा संपायच्या आत कानांची एकेक जोडी पुढे झाली. सिस्टर पॉलिनने पाऊल मोजलं, लांबूनच अंग उचललं आणि ती पलीकडे. नोरीन ओरडली, "दिसलं, बाबा!" की त्याला तसं वाटलं.

दुसऱ्या फेरीत लांब दुसऱ्या अडथळ्यापाशी एकच ओरड उठली. कोणीतरी पडलं होतं. फिंटन पडदा घेऊन पळत सुटला. बाकीचे घोडे थेडीसमोरून गेले, त्याने अकरा मोजले. घोडी त्यात होती. 

फिंटन चालत परत आला. पडदा बगलेत, गुंडाळलेला.

"उठला. दम कोंडला होता नुसता. आता गवत खातोय."

"पांढरी असून पडला?"

"पडला. घोडा आहे तो, मशीन आहे का?"

नोरीन चौथी आली. चिखलाने माखून, दात काढत. रोशबाई फोन करायला निघाल्या तेव्हा थेडी त्यांना म्हणाला, "माझ्या जागी जो येईल त्याला सांगा, रंग देऊन झाला की आधी फिंटनला दाखव."

मग तो चहाच्या तंबूकडे गेला. कोपऱ्यातल्या बाकावर मलाकी डगन एकटाच चहात साखर ढवळत होता. यंदा त्याचा घोडा नव्हता, तरी आला होता.

थेडीने टोपी काढली.

"मलाकी, गेल्या वर्षी मी चुकीचं बोललो. तुझा घोडा चुकला नव्हता. त्याला माझी फळी दिसलीच नव्हती."

मलाकीचा चमचा थांबला. त्याने कप बाजूला सारला. मग बाकावर थोडा सरकला, एका माणसापुरता.