ऑर्किडचा उपास

फुजैराच्या डोंगरातलं ते ऑर्किड फार दुर्मीळ. आमच्या शारजाच्या लॅबला एकच रोप मिळालं, तेही एकच पान खुडायच्या परवानगीवर. त्या पानातल्या हरितलवकाचा, म्हणजे पान ज्याच्यामुळे हिरवं दिसतं त्याचा, जिनोम वाचायचा होता. पान वाया गेलं की खलास.

खुडण्याआधी रोपाला दोन दिवस मिट्ट काळोख लागतो. वीकेंडला लॅबचा एसी बंद राहणार होता, म्हणून गुरुवारी मी ते घरी आणून चपलांच्या कपाटात ठेवलं. आमच्या फ्लॅटमध्ये दुसरीकडे कुठे एवढा काळोख नाही.

शनिवारी सकाळी कपाट उघडलं, तर आत नुसत्या चपला.

"आई, इथलं रोप कुठंय?"

सासूबाई मालवणहून व्हिजिटवर आल्यात. कणीक मळता मळता म्हणाल्या, "चपलांत झाड कोण ठेवतं गं? देवांजवळ ठेवलंय."

देव शोकेसमध्ये, त्यांच्या डोक्यावर दुबईच्या मीना बाजारातून आणलेला, दिवसरात्र जळणारा विजेचा दिवा. रोप गणपतीशेजारी, कुंडीला हळदकुंकू. अगदी जेवून तृप्त झाल्यासारखं दिसत होतं.

मी कुंडी उचलली. "अहो आई, उजेडात पान स्टार्च साठवतं. मग माझ्या ट्यूबमध्ये चिकट खळ होते आणि डीएनए हाती लागत नाही. साठवलेलं संपावं म्हणून काळोखात ठेवलं होतं."

"म्हणजे उपाशी?"

"हो."

"मग उपास आहे असं सांगायचंस ना, संजना. उपासाच्या माणसाला मी कधी जेवायला वाढलंय?"

"स्टार्च म्हणजे साबुदाण्यात असतो तोच."

त्यांचा हात थांबला. "साबुदाणाही नाही?"

"नाही."

"कडक आहे गं बाई."

सोमवारपर्यंत जेमतेम दोन दिवस होते. रोप परत कपाटात गेलं. गावी न्यायच्या खोक्याची टेप काढून आईंनी दाराची फट स्वतः बंद केली. माझा नवरा राहुल बूट घ्यायला आला, तर त्याला वाटेतच अडवलं. "स्लीपर घालून जा. आत उपास चाललाय."

"नाहीतरी दुबईच्या देवळातच चाललोय," म्हणत तो गेला.

सोमवारी रोप लॅबमध्ये नेऊन पान खुडलं. आमचे तय्यबसर लाहोरचे. त्यांनी ट्यूब उजेडात धरली. खळ नाही, नितळ पाणी. "माशाल्ला. अब मशीन आराम से पढ़ लेगी."

तेवढ्यात आईंचा फोन. "खुडलंस ना? मग आता त्याचा उपास सोडव. उन्हात ठेव."

काय म्हणतात, सरांनी विचारलं. "पौधे का रोज़ा खुलवाना है," मी म्हटलं.

सरांनी कुंडी उचलली, खिडकीत नेली, ऊन पानांवर पडेल अशी फिरवली. मग माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "खजूर तो नहीं लेगा?"