टेबलावरचे बेट

साचेकाकांच्या घरातले जेवणाचे टेबल जेवणासाठी मिळेनासे झाले, कारण त्याच्यावर एक बेट आले होते.

बेट लाकडाचे होते आणि ते साचेकाकांनी स्वतः घडवले होते. त्यांची सारी नोकरी फाउंड्रीत गेली. यंत्राचा एखादा भाग लोखंडात ओतायचा असला की आधी त्याची लाकडी प्रतिकृती करावी लागते. ती मातीत दाबून अलगद काढून घेतली की मागे तिच्या आकाराची पोकळी उरते आणि त्या पोकळीत वितळलेले लोखंड ओततात. पुस्तकात या प्रतिकृतीला वेगळा शब्द आहे. कारखान्यात सगळे तिला साचाच म्हणत. साचे करण्यात काकांचा हात धरणारे कोणी नव्हते. त्यामुळे पाळण्यातले नाव मागे पडले, हे नाव चिकटले, आणि निवृत्तीनंतरही ते निघाले नाही.

त्यांची एकुलती एक लेक दूरच्या उष्ण समुद्रातल्या एका बेटावर प्रवाळांचा अभ्यास करणाऱ्या केंद्रात नोकरीला होती. तिथेच लाँचची इंजिने दुरुस्त करणाऱ्या एका शांत मुलाशी तिचे जमले. लग्न त्याच पुळणीवर, माडांच्या सावलीत करायचे दोघांनी ठरवले होते.

"बाबा, पत्रिका मी पाठवीनच," ती फोनवर म्हणाली होती, "पण आपली माणसं पत्रिकेवर येणार नाहीत, तुमच्या बोलावण्यावर येतील. ते काम तुमचं. आणि बाकी कोणी आलं न आलं तरी चालेल, आत्या आलीच पाहिजे."

आत्या म्हणजे साचेकाकांच्या थोरल्या भगिनी, आक्का. आई गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवले. पुढे काकू शाळेत शिकवायला जात, तेव्हा भावाच्या लेकीलाही त्यांनीच अंगाखांद्यावर खेळवले. आक्कांशिवाय लग्न ही कल्पनाच साचेकाकांना करवत नव्हती. पण आक्कांचे गुडघे दुखत, आणि आपल्या शहराबाहेर त्या बऱ्याच वर्षांत गेल्या नव्हत्या.

बोलणे हा साचेकाकांचा प्रांत नव्हे. कोणतीही गोष्ट नीट दाखवली की बोलावे लागत नाही, अशी त्यांची धारणा. त्यांनी लेकीकडून छायाचित्रे मागवली. भावी जावयाला मोजपट्टी घेऊन किनाराभर फिरवले. मग रंधा, पटाशी आणि कानस बाहेर निघाली.

जे उभे राहिले ते पाहून शेजारीपाजारी थक्क झाले. टेकाडाची उतरण लाकडाच्या रेषांतूनच खाली येत होती, जणू झाड वाढत असतानाच त्याने हे टेकाड मनात धरले होते. पुळण फिकट लाकडाच्या भुशाची होती, मलमलीतून गाळलेली. समुद्रासाठी लाखेच्या पॉलिशमध्ये निळाहिरवा रंग मिसळून थरावर थर चढवले होते. किनाऱ्याशी पातळ, पुढे दाट. दुपारी खिडकीतले ऊन सरकत सरकत टेबलावर आले की त्या पॉलिशच्या आतून उजेड फुटे. पाहणाऱ्याला वाटे की तळाशी काहीतरी हळूच कूस बदलते आहे. आक्कांसाठी धक्क्यापासून मांडवापर्यंतच्या पायऱ्या ठेंगण्या केल्या होत्या आणि त्यांचे सगळे कोपरे गोल होते. तसे ते खरोखरीच करून घेण्याचे जावयाने कबूल केले होते.

संध्याकाळी माणसे येऊ लागली. साचेकाका हातात विणकामाची सुई घेऊन उभे राहत आणि एकेकाला लाँचमधून उतरवून, पुळणीवरून चालवून, त्याच्या खोलीपर्यंत पोहोचवत.

काकूंचे थोरले बंधू रोज हजर असत. ते कायम ऊन, वारा आणि पाऊस यांच्याबद्दल बोलत, म्हणून घरात त्यांना 'हवामान खाते' म्हणत.

"भावोजी, ही खोली कोणाची?"

"तुमची."

"पश्चिमेला तोंड आहे हिचं. भाजून निघेन मी."

"मग पलीकडची घ्या."

"तिकडे वारा फार."

"दादा, तुला टेबलाखाली देते," काकू आतून म्हणाल्या. "ऊन नाही की वारा नाही."

कोपऱ्यावर घड्याळे दुरुस्त करणारे साचेकाकांचे जुने स्नेही डोळ्याला भिंग लावून येत आणि माडांच्या झावळ्या एक एक करून पाहत. मग खुर्ची मागे ओढून शांत बसत. बोलणे आपोआप मंद होई. कोणी टेकाडामागच्या वाटेने निघून जाई, कोणी धक्क्यावर पाय सोडून बसे, आणि चहा निवला तरी कोणाला परतायची घाई नसे. काकूंनी हाक मारली की सगळे जरा दचकत, पाण्यातून डोके वर काढावे तसे.

आक्का मात्र दुपारी येत. त्यांची जागा पूर्व किनाऱ्याशी ठरलेली होती. हनुवटी तळहातावर टेकवून त्या ऊन येण्याची वाट पाहत.

"आज टेकाडावर जाऊन आले," एके दिवशी त्या म्हणाल्या.

"चढलीस?"

"चढले की. गुडघ्यांनी हूं की चूं केलं नाही. वर छान वारा आहे."

साचेकाकांना धन्य वाटले. त्यांनी संधी साधली. "मग तुझं तिकीट काढून टाकतो."

"तिकीट कशाला?" आक्का समुद्रावरून नजर न काढता म्हणाल्या. "मी रोज जातेच आहे."

ही थट्टा असावी असे समजून साचेकाका हसले. पण त्याच संध्याकाळी हवामान खातेही घसा खाकरून म्हणाले, "भावोजी, खरं सांगू का? त्या खोलीत मी राहून आल्यासारखंच झालंय. आता पुन्हा एवढ्या लांब जायचं म्हणजे..."

"पुन्हा? तुम्ही एकदा तरी गेलात का?"

"तसं नाही हो. पण समाधान झालं, एवढंच म्हणतोय."

घड्याळवाले स्नेही तर आपल्या दुकानात गिऱ्हाइकांना तिथल्या भरती-ओहोटीच्या गोष्टी सांगू लागले होते, कालच तिथून परतल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, इथल्या खोल्यांवर अजून एकही नाव पडलं नाही. आत्या काय म्हणाली?"

"तिला बेट फार आवडलं."

"बाबा, मी बेटाचं विचारलं नाही."

पलीकडून लाटांचा आवाज येत होता, आणि तो कसा असेल हे साचेकाकांनी कधी विचारले नव्हते.

त्या दुपारी आक्का आल्या नाहीत. साचेकाका एकटेच टेबलाशी बसले. ऊन पूर्व किनाऱ्याला लागले, मग खोल पाण्यात उतरले, आणि त्यांचे डोळे जड झाले. बघता बघता ते पुळणीवर चालत होते. पायाखाली भुसा मऊ होता आणि त्याला नुकत्याच रंधलेल्या लाकडाचा वास होता. मांडव उभा होता. खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या, सगळ्यांचे कोपरे गोल. प्रत्येक खुर्चीवर एकेकाची सावली पडली होती, मात्र माणूस एकाही खुर्चीवर नव्हता. मांडवाखाली लेक त्यांच्याकडे पाठ करून उभी होती आणि धक्क्याकडे पाहत होती. त्यांनी हाक मारायला तोंड उघडले, पण कोणाला हाक मारायची? माणसे त्यांनी घडवलीच नव्हती. समुद्र तर इतका गुळगुळीत होता की त्याला लाट फुटायला कुठे फटच नव्हती.

ते जागे झाले तेव्हा त्यांचा गाल किनाऱ्यावर टेकलेला होता.

"जाऊन आलात वाटतं," काकू म्हणाल्या. "गालाला वाळू लागलीये."

"अगं, तिथे कोणीच नव्हतं."

"असणार कसं? तुम्ही लोकांना रोज नेता, फिरवता आणि जेवायच्या वेळेला घरी आणून सोडता. एवढी सोय झाल्यावर सामान कोण बांधील?"

साचेकाका गालावरचा भुसा पुसत बसून राहिले. कारखान्यात साच्याच्या प्रेमात कोणी पडले नाही. तो मातीत जाई, बाहेर येई आणि फळीवर पडून राही. सगळे डोळे लावून बसत ते मागे राहिलेल्या पोकळीकडे. हा साधा हिशेब त्यांना जन्मभर ठाऊक होता. या खेपेला लेकीच्या मायेपोटी त्यांनी पॉलिशवर पॉलिश चढवले, साच्यालाच वस्तू करून टाकले, आणि ओतायला जागाच ठेवली नाही. त्यांनी चपला पायात सरकवल्या.

आक्कांची खोली पुढच्या वळणावर, इस्त्रीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. जिन्यात गरम कापडाचा वास दाटला होता. आक्का खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या आणि पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात सोडले होते. टेलिफोन एक्स्चेंजच्या रात्रपाळ्यांत उभा जन्म काढल्यामुळे त्या माणसाला आवाजावरूनच ओळखत.

"चपला घासत आलास," वळून न पाहता त्या म्हणाल्या. "म्हणजे काहीतरी मागायचंय."

साचेकाका स्टुलावर बसले. "लाँचला उतरायला पायरी आहे, आक्का."

"माहीत आहे. मीच उतरते ना रोज."

"डॉक्टरांना विचारलं मी. ते म्हणाले, हरकत नाही."

"त्यांची कशाला असेल? त्यांना कुठे जायचंय?"

"तुझी खोली तळमजल्यावर आहे. मांडवापर्यंत सबंध सावली आहे."

"आहे. मोजून टाकलीयेस."

खाली इस्त्रीवाल्याने ओल्या कपड्यावर इस्त्री टेकवल्याचा चर्र आवाज आला. साचेकाकांजवळची माहिती संपली होती. त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले.

"आक्का, तू ये," ते म्हणाले. "तू नसलीस तर मला त्या मांडवात उभं राहवणार नाही. दुसरं कारण माझ्याकडे नाही."



"इतके दिवस तू हे म्हणाला नव्हतास, म्हणून मी निवांत होते," आक्का पाण्याकडे पाहत म्हणाल्या. "तू ये म्हणालास की मला नाही म्हणता येत नाही. लहानपणी विहिरीत बेडूक बघायला बोलवायचास, तेव्हाही यायचं नव्हतं मला."

"मग आता का नको?"

"पाण्याची भीती वाटते रे. फार वाटते. तुझ्या समुद्रावर हात ठेवला की खाली टेबल लागतं. तिथे खाली काय लागणार? म्हणून म्हटलं, हा जोवर नुसतं दाखवतोय तोवर बघून घ्यावं, पोरीचं लग्न मनातल्या मनात लावावं, आणि गप्प बसावं."

रोज दुपारी या बाईने साचेकाकांच्या समोर बसून एकटीने ते लग्न लावले होते, आणि साचेकाका त्याला आपल्या पॉलिशचे कौतुक समजत होते.

"लाँच फार हलते का रे?" आक्कांनी विचारले.

त्यांनी लाँचची लांबी विचारली होती, बाकांची उंची विचारली होती, छप्पर कशाचे तेही विचारले होते.

"माहीत नाही," ते म्हणाले.

आक्का पहिल्यांदाच वळून त्यांच्याकडे पाहू लागल्या. "तुला माहीत नाही?"

"मी तरी कुठे गेलोय कधी? खरं सांगायचं तर मलाही भीती वाटतेय."

"म्हणजे धक्क्यावर पोर हार घेऊन उभी, आणि आपण दोघं पांढरेफटक पडून उतरतोय."

"तसंच दिसतंय."

आक्कांना हसू फुटले. ते खांद्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागला, पण मग थांबेना.

"येईन," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "पण लाँचमध्ये मला काही दाखवायचं नाही. डावीकडे हे, उजवीकडे ते, काही नाही. मी डोळे मिटून बसणार."

"नाही दाखवणार."

"तुला राहवेल?"

"मग मीही मिटीन डोळे."

"आणि तुझ्या मेहुण्यालाही जाऊन असंच सांग, जसं मला सांगितलंस. खोलीचा विषय तेवढा काढू नकोस."

पश्चिमेचे ऊन आता खिडकीतून थेट घमेल्यात उतरले होते, आणि त्याचा एक फिका तुकडा वर छताला जाऊन चिकटला होता. आक्कांनी पाण्यात पायाची बोटे हलवली. छतावरचा उजेड थरथरला, मग लांबट होऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत झुलू लागला. पंखा, वायर, कोपऱ्यातले जळमट सगळे त्या झोक्यात आले.

"एवढी हलेल?" त्यांनी विचारले.

"बहुधा."

"एवढं सोसेल मला." आक्कांनी थोडा विचार केला आणि या वेळी दोन्ही पाय जोराने हलवले. थोडे पाणी फरशीवर सांडले. उजेड उसळला, भिंतीवरून खाली घरंगळला, पुन्हा वर चढला, आणि ती दोघे भावंडे माना वर करून तो थांबण्याची वाट पाहत बसली.